बैठकीच्या खोलीतली हवा

मी एक जुना एअर प्युरिफायर आहे. म्हणजे हवा साफ करणारं यंत्र. उंचीला साधारण स्टुलाएवढा, रंगाने मुळात पांढरा आणि आता दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा. पोटात एक पंखा, पंख्यापुढे फिल्टर, फिल्टरपुढे जाळी आणि डोक्यावर तीन बटणं. त्यातलं मधलं चालतं. एका सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर बैठकीची खोली आहे, तिच्या कोपऱ्यात मी उभा असतो. बसायची सोय माझ्या बनावटीत नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, यंत्राला कसलं आलंय आयुष्य? मलाही आधी असंच वाटायचं. पण रोज तेच काम, समोर तीच माणसं, आणि 'बाबा रे, दमलास का?' असं विचारायला कुणी नाही. याला आयुष्य नाही तर काय म्हणतात, ते घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा. फक्त ते कामावरून नुकतेच आलेले असताना विचारू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या कारखान्यालाही चिमणी होती. मला घडवताना होणारा धूर त्या चिमणीतून बाहेर जायचा, जरा हिंडून खिडकीतून परत आत यायचा, आणि तयार झालेले प्युरिफायर त्याच धुरावर तपासले जायचे. म्हणजे आयुष्यात मी पहिल्यांदा जी हवा साफ केली, ती माझ्याच जन्माने घाण झालेली होती. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, "चालतोय हा," म्हणाल्या आणि खोकल्या. लगेच मला खोक्यात घातलं. माझं शिक्षण एवढंच.

त्या सुमारास सरकारने एक तज्ज्ञ सल्लागार गट नेमला होता. गटाचं काम समजायला अगदी सोपं आहे. कारखान्यांच्या चिमण्यांमधून काय काय बाहेर पडतं ते कारखान्यांनी कुणाला, केव्हा आणि कसं कळवायचं, याचे नियम सरकारला करायचे होते. सरकारला त्यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून जाणकार माणसं गोळा करून त्यांचा सल्ला घ्यायचं ठरलं. आपल्याला कळत नाही हे कबूल करायला मोठं मन लागतं. त्यामुळे सरकारला नावं ठेवायचा माझा विचार नाही. फक्त त्या जाणकारांना बसायला जी खोली दिली ती नेमकी एका कारखान्याच्या पाठीमागे होती. खोलीच्या खिडकीतून आधी कारखान्याची चिमणी दिसते, मग नाला आणि नाल्यापलीकडे दाटीवाटीने उभी राहिलेली वस्ती.

पहिल्या बैठकीला खिडक्या उघड्या ठेवल्या, तर धूर आत आला. बंद केल्या, तर जीव घुसमटायला लागला. शेवटी तज्ज्ञ मंडळी जिन्यात जाऊन बसली, एकेका पायरीवर एकेक, मानाच्या क्रमाने. तिथे एकच ठराव एकमताने झाला, तो म्हणजे मला विकत घेण्याचा. गटाने हातात घेतलेलं आणि तडीस नेलेलं ते पहिलं काम. पुढची बरीच वर्षं ते शेवटचंही होतं.

मी आलो तेव्हा काय कौतुक झालं म्हणून सांगू! शिपाईकाकांनी माझं मधलं बटण दाबलं, मी घूं करून लागलो, आणि थोड्या वेळात खोलीतली घरघर थांबली. अध्यक्षसाहेब मोठ्ठा श्वास घेऊन म्हणाले, "वा! आता कसं मोकळं वाटतंय. आता विचार करता येईल."

आणि ते विचार करू लागले. अजून करतायत.

हे अध्यक्षसाहेब म्हणजे निवृत्त प्राध्यापक. मऊ आवाजाचे, मऊ बुटांचे गृहस्थ. 'सखोल' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की समोरच्याने पिशवी आवरायला घ्यायची. त्यांच्या उजव्या हाताला आकडेवाले सर बसत. त्यांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं तर ते "सरासरी" म्हणत. डाव्या हाताला चिमणीवाले साहेब. खिडकीतून दिसणाऱ्या त्याच कारखान्याचे ते व्यवस्थापक, आणि गटात सगळ्या कारखान्यांच्या वतीने बोलत. माणूस वाईट नव्हता हो. बैठकीला यायला त्यांना फक्त रस्ता ओलांडायला लागायचा, तरी ते गाडीने यायचे आणि काच बंद ठेवायचे.

आणि टेबलाच्या शेवटी, माझ्या जवळ, सचिवबाई.

सचिवबाईंचं काम म्हणजे बैठक बोलावणं, विषय मांडणं, कोण काय म्हणालं ते लिहून घेणं. मत द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांचं घर नाल्यापलीकडच्या वस्तीत होतं, अगदी पुढच्या ओळीत. घरी नवरा, तो बहुधा फिरतीवर, आणि दम्याच्या सासूबाई. कारखान्यात अधूनमधून भट्टी झाडायचे. साठलेली राख, काजळी सगळी एकदम चिमणीतून वर जायची आणि वस्तीवर उतरायची. ती केव्हा उतरेल याचा पत्ता कुणालाच नसायचा. मग खिडक्या उघड्या सापडायच्या, सासूबाई दारात भाजी निवडत बसलेल्या सापडायच्या आणि पुढे सगळी रात्र त्यांच्या छातीत भाता चालू राहायचा.

म्हणून सचिवबाईंनी एक विषय मांडला होता. कारखान्याने भट्टी झाडायच्या आधी आजूबाजूच्या लोकांना सांगावं.

"धूर बंद करा असं मी म्हणतच नाहीये," त्या म्हणाल्या होत्या. "सोडायच्या आधी सांगा. एवढंच. लोक खिडक्या लावून घेतील, म्हातारी माणसं आत बसतील."

"मुद्दा रास्त आहे, बाई," अध्यक्षसाहेब म्हणाले. "पण यावर सखोल विचार व्हायला हवा."

मित्रांनो, इथे तुम्हाला गटाची एक पद्धत सांगितली पाहिजे. जो विषय या बैठकीत उरेल, तो पुढच्या बैठकीत सगळ्यात शेवटी घ्यायचा. आणि शेवटचा विषय यायच्या आत शिपाईकाका चहा आणायचे. चहा झाला की चिमणीवाले साहेबांना काम आठवायचं, आकडेवाले सरांची बस असायची, आणि माणसं कमी पडली म्हणून बैठक संपायची. विषय उरायचा. पुढच्या वेळी पुन्हा शेवटी. त्या पद्धतीला कुणी दुष्ट म्हणू शकणार नाही. ती नुसती होती, जसा टेबलाचा एक पाय आखूड असतो तशी.

सचिवबाई एकदा शिपाईकाकांना म्हणाल्यासुद्धा, "काका, आज चहा जरा उशिरा आणाल का?"

"आणतो की," काका म्हणाले. "पण मग साहेब लोक चहाची वाट बघत बसतात, विषयाकडं लक्षच देत नाहीत. मागं एकदा केलं होतं. अध्यक्षसाहेबांनी चहा का आला नाही यावर उपसमिती नेमली."

माझे दिवस असे चालले होते. मी हवा ओढायचो, गाळायचो, सोडायचो. बाहेरून धूर यायचा, आतून चर्चा यायची. धूर फिल्टरमध्ये अडकायचा. चर्चा अडकवायची सोय माझ्यात नाही, ती तशीच पुन्हा फिरत राहायची. हळूहळू मला थकवा यायला लागला. माझी जाळी धुवायची असते आणि फिल्टर बदलायचा असतो, असं माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं. ती पुस्तिका टेबलाच्या आखूड पायाखाली होती.

जाळी फक्त सचिवबाई धुवायच्या. बैठक नसेल त्या दुपारी त्या मला उघडायच्या, जाळी गच्चीवरच्या नळाखाली धरायच्या, आणि काळं पाणी वाहताना बघत उभ्या राहायच्या. एकदा जाळी धुताना घरून सासूबाईंचा फोन आला. बाईंचे हात ओले, म्हणून त्यांनी फोन कठड्यावर ठेवून स्पीकर लावला. मला त्यांनी गच्चीच्या दारात आणून ठेवलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"अगं, तुझं ते मंडळ दिवसभर करतं तरी काय?" सासूबाईंचा आवाज बारीक होता, पण धार होती.

"सल्ला देतं, आई."

"कुणाला?"

"सरकारला."

"का? सरकारला दमा आहे?"

सचिवबाई हसल्या. मग पलीकडून खोकल्याची उबळ आली, लांबतच गेली, आणि बाईंचं हसू तोंडावरच सुकलं. त्या हात न पुसताच फोन कानाशी धरून म्हणाल्या, "पंप घेतलात का? आई? पंप घ्या आधी. बोलू नका."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी एका खोलीपुरताच आहे. नाल्यापलीकडे माझा श्वास पोचत नाही.

मग सरकारच्या खात्याकडून सूचना आली. नियम करण्याआधी इथली हवा प्रत्यक्षात कशी आहे ते मोजा आणि मग शिफारस करा. सचिवबाईंना केवढा आनंद झाला! मोजलं की दिसेल, दिसलं की मानावं लागेल, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं. आम्ही दोघेही तसे साधेच.

हवेतली धूळ आणि काजळी मोजणारा मीटर आला. छोटासा, काळा, चकचकीत, तोंडावर लाल आकडे. तो कुठे ठेवायचा यावर बैठक बसली. सोबत त्याच्या कंपनीच्या सूचना होत्या. मीटर सरकारी जागेत असावा, कुलपाआड असावा, जवळ विजेचा प्लग असावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मीटरला धुळीपासून जपावं, नाहीतर तो बिघडल्यास कंपनी जबाबदार नाही.

"धूळ मोजायचा मीटर धुळीपासून जपायचा?" सचिवबाईंनी विचारलं.

"महागडी वस्तू आहे, बाई," आकडेवाले सर म्हणाले. "उद्या खराब झाला तर धूळ कशाने मोजणार?"

सगळ्या अटी पुऱ्या करणारी कचेरीत एकच जागा निघाली. ही खोली. माझ्या शेजारचा प्लग.

म्हणजे मित्रांनो, वस्तीतली हवा किती घाण आहे हे बघायला त्यांनी मीटर ठेवला तो बंद खिडक्यांच्या खोलीत, आणि तोही हवा साफ करणाऱ्या यंत्राच्या नाकासमोर.

मीटर तसा गुणी होता. समोर आलं ते इमानदारीने सांगायचा. त्याच्यासमोर मी सोडलेली हवा यायची. आकडे इतके छान आले की आकडेवाले सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दर बैठकीला अध्यक्षसाहेब आधी मीटरकडे जायचे, जसं माणूस नातवाच्या पाळण्याकडे जातो. "सुंदर!" म्हणायचे. चिमणीवाले साहेब लाजल्यासारखं करायचे. पुढे कुणीतरी म्हणालं, की गट नेमल्यापासून हवा सुधारलेली दिसते, म्हणजे नुसत्या गटाच्या असण्याचाच हा परिणाम असावा. ते सगळ्यांना इतकं पटलं, की दुसऱ्या एका गावाहून आठ-दहा माणसं हे कसं जमवलं ते शिकायला आली. त्यांनी खोलीत बसून दीर्घ श्वास घेतले, टिपणं काढली आणि आपल्याकडेही असाच गट नेमायचा निश्चय करून गेली. जाताना जिन्यात खोकत होती.

सचिवबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "साहेब, शेजारी प्युरिफायर चालू आहे. आकडे त्याचे आहेत, हवेचे नाहीत."

"तुमचं म्हणणं मी तपासलं," आकडेवाले सर म्हणाले. त्यांनी खरोखरच तपासलं होतं. "कचेरीत यंत्र म्हणून एकच नोंद आहे, ती या मीटरची. प्युरिफायरची खरेदी फर्निचरमध्ये झालेली आहे. यंत्र घ्यायला वरची मंजुरी लागते ना, म्हणून तेव्हा फर्निचर दाखवलं होतं. आणि फर्निचरचा हवेवर परिणाम होत नाही, हे तर मान्य आहे?"

"अहो, ते घूं करतंय!"

"खुर्च्यासुद्धा करकरतात, बाई."

"सर, तुम्ही मला वेड्यात काढताय का?"

"छे छे. मी नियमात बोलतोय."

अध्यक्षसाहेब मधे पडले. "बाई, तुम्ही काही शास्त्रज्ञ नाही..."

"नाही," सचिवबाई म्हणाल्या. "पण नाक मलाही आहे."

त्यावर सखोल विचार करायचं ठरलं.

मित्रांनो, इतके दिवस मी अभिमानाने काम करत होतो. आता काम करताना अंगात जडपणा यायचा. मी जितकी चांगली हवा सोडणार, तितके आकडे चांगले येणार, आणि तितक्या सासूबाईंच्या खिडक्या उघड्या सापडणार. बरं, वाईट काम करायचं म्हटलं तर तेही जमेना. मधलं बटण दाबलं की मी चालतो. दुसरं काही करायचं मला शिकवलेलंच नाही. शिपाईकाका येता-जाता माझ्यावर टिचकी मारून म्हणायचे, "डब्या, तू तरी मोठा साहेब झालास. आता सगळा अहवाल तुझ्यावर."

आणि तो अहवाल आला. गटाची शेवटची बैठक बोलावली गेली. शिफारस तयार होती. हवा उत्तम असल्याने कारखान्यांनी वर्षातून एकदाच माहिती द्यावी, तीही खात्याला. लोकांना काही कळवायची गरज नाही. आणि काम पूर्ण झाल्यामुळे गट बरखास्त करावा. सचिवबाईंचा विषय नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी होता, पण आता त्यानंतर पुढची बैठकच नव्हती.

त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आदल्या आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, असा झटका पुन्हा आला तर काही खरं नाही. हे त्यांनी फक्त शिपाईकाकांना सांगितलं, बैठकीआधी खुर्च्या लावताना. काका नुसती खुर्ची सरळ करत राहिले, सरळ असलेलीच.

बैठक सुरू झाली. अध्यक्षसाहेब म्हणाले, "शिफारस सर्वांना मान्य?"

"एक शंका होती," सचिवबाई म्हणाल्या. आवाज अगदी दमलेला. त्यात रागही उरला नव्हता. "फर्निचरचा हवेवर परिणाम होत नाही, असं आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय," आकडेवाले सर म्हणाले.

"मग एक फर्निचर थोडा वेळ बंद ठेवलं तर कुणाची हरकत नसावी. वीज वाचेल."

हरकत घ्यायची तर कशावर, ते कुणालाच पटकन सुचेना. ते एकमेकांकडे बघेपर्यंत बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा प्लग काढला.

मी थांबलो. आल्यापासून पहिल्यांदाच बैठक चालू असताना मी गप्प होतो. मित्रांनो, खरं सांगू? फार बरं वाटलं.

सुरुवातीला काही झालं नाही. चर्चा चालू राहिली, अहवालाचं मुखपृष्ठ निळं असावं की हिरवं यावर. मग खिडकीच्या फटीतून बाहेरची हवा आली. आधी वास, मग घशाला खवखव. मीटरचे लाल आकडे हलले. पुढे सरकले. मग पळायलाच लागले. त्या बिचाऱ्याला एवढं बोलायची सवय नव्हती. आकडेवाले सर खोकले. अध्यक्षसाहेबांनी रुमाल काढला. सगळ्यात जास्त त्रास चिमणीवाले साहेबांना झाला. ते लालबुंद होऊन टाय सैल करत म्हणाले, "आज... आज भट्टी झाडतायत. सकाळपासून... संध्याकाळपर्यंत चालेल."

अध्यक्षसाहेबांनी रुमाल तोंडावरून बाजूला केला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय, आमचं वेळापत्रकच असतं ना."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" तो मऊ आवाज पहिल्यांदाच चढला. "अहो, आधी सांगायचं नाही का! आम्ही बैठक उद्या ठेवली असती! आमच्यात दम्याची माणसं असतील, रक्तदाबाची असतील... काही माणुसकी आहे की नाही?"

मी सचिवबाईंकडे पाहिलं. माझी खात्री होती की आता त्या बोलणार, वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर काढणार. पण त्यांनी पेन उचललं.

"असा ठराव घेऊ का, साहेब?" त्या म्हणाल्या. "भट्टी झाडायच्या आधी कारखान्याने गटाच्या कचेरीला फोन करून कळवावं. बैठकीच्या सोयीसाठी."

"घ्या! ताबडतोब घ्या!"

"फक्त बैठकीच्या दिवशी की रोज?"

"बैठक काय, कधीही लागू शकते. रोज कळवा."

"पण साहेब, आजच्या शिफारशीत गट बरखास्त होतोय. मग फोन कुणाला येणार?"

"मग नका करू बरखास्त! पुढची बैठक ठेवा, काय ते करा. तो डबा लावा आधी!"

"लावते. फोन आल्यावर मी संबंधितांना कळवावं, असं लिहिते. संबंधित कोण कोण, ते..."

"ते तुम्ही ठरवा हो!" अध्यक्षसाहेब कसेबसे म्हणाले. "सगळं तुम्ही ठरवा! प्लग, बाई, प्लग!"

"सर्वांना मान्य?"

चिमणीवाले साहेबांनी बोलता येत नव्हतं म्हणून दोन्ही हात वर केले. ठराव एकमताने झाला. मला घेतल्यानंतरचा दुसरा.

सचिवबाईंनी तो पूर्ण लिहिला, सह्या घेतल्या, आणि मग माझा प्लग लावला. मी घूं करून लागलो. त्या गडबडीत वर्षातून एकदाची शिफारस मागे पडली. तिच्यावर सही कुणी केलीच नाही. ती पुढच्या बैठकीला सगळ्यात शेवटी आहे. तेव्हापासून तिथेच आहे. शिपाईकाका चहा अगदी वेळेवर आणतात.

मित्रांनो, यामुळे सगळं छान झालं असं समजू नका. धूर चिमूटभरही कमी झालेला नाही. मीटर अजून माझ्या शेजारीच आहे आणि त्याचे आकडे पुन्हा सुंदर येतात. माझा फिल्टर अजून तोच आहे, कारण फर्निचरला फिल्टर मंजूर होत नाही. मी आता पूर्वीसारखा घूं करत नाही, घुं-घर्र करतो. कधीतरी मधेच थांबेन आणि मग मला माळ्यावर टाकतील, तुटक्या खुर्च्यांबरोबर. कागदोपत्री त्या माझ्या बहिणीच आहेत.

पण कारखान्यातून फोन येतो. भट्टी झाडायच्या आधी न चुकता येतो, कारण त्यावर चिमणीवाले साहेबांचीच सही आहे. सचिवबाई तो घेतात आणि संबंधितांना कळवायला बसतात. पहिला फोन घरी. "आई, आत बसा. खिडक्या लावून घ्या." सासूबाई मग शेजाऱ्यांना ओरडून सांगतात. त्यांना दमा आहे, पण ओरडायला दम पुरतो. मग शाळा. मग न्हावी, शिंपी, इस्त्रीवाला, पाळणाघर, दवाखाना. संबंधित रोज वाढतायत. शासकीय फोनवरून एवढे फोन का, असं आकडेवाले सरांनी एकदा विचारलं. बाईंनी त्यांना ठराव दाखवला. त्यांनी वाचला, सरासरी मान हलवली आणि गेले.

आता माझं मागणं ऐका, फार मोठं नाही. तुमच्या घरी, शाळेत, कुठेही माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात उभा असेल तर त्याची जाळी धुवा. त्याने दिवसभर काय गिळलंय ते त्या पाण्यात दिसेल, ते नीट बघा आणि मग तेवढंच बाहेरही आहे हे विसरू नका. आणि कुणी मोठा माणूस हवा उत्तम आहे असं म्हणाला, तर त्याला अगदी नम्रपणे विचारा की काका, तुम्ही कुठे बसून बोलताय? उद्धटपणा वाटेल. थोडा असू द्या.

बोलता बोलता दमलो. तेवढ्यात फोन वाजलाच. सचिवबाई बोलून झाल्या, सगळ्यांना कळवून झालं, आणि आता त्या खिडकीशी उभ्या आहेत. नाल्यापलीकडे एकेक खिडकी मिटतेय. पुढची ओळ झाली. मागची झाली. चिमणीच्या तोंडाशी आत्ता कुठे काळं दिसायला लागलंय. बाई डोळे बारीक करून एका जागी बघतात, परत येऊन फोन उचलतात.

"हॅलो, काकू? अहो, तुमची एक राहिली. न्हाणीघराची. हो, तीच. पळा."